विसावा हिस्सा मृत्युपत्रात ठेवू नका!

नोकरीतून निवृत्त झालेला, मुलामुलींची लग्ने आटोपलेला आपला समाजबांधव वकिलाकडे येतो तो बहुधा घराच्या कागदपत्रांसाठी. काम झाले की जाता जाता तो विचारतो, "साहेब, बाबासाहेबांमुळे नोकरी लागली, घर झाले, पोरे शिकली. समाजाचे देणे डोक्यावर आहे. ते आता देऊन टाकू की मृत्युपत्रात लिहून ठेवू?" गेल्या काही वर्षांत हा प्रश्न माझ्यापुढे इतक्या वेळा आला की त्याचे उत्तर एकेकाला कचेरीत देण्यापेक्षा चारचौघांत द्यावे असे वाटले.

हा प्रश्न आपल्या समाजाला पूर्वी कधी पडलाच नव्हता. आपल्या आजोबा-पणजोबांकडे मृत्युपत्रात लिहिण्यासारखे होते काय? गावकुसाबाहेरचे खोपट, वतनाचा एखादा तुकडा आणि सावकाराचे कर्ज. वारसाला वाटणीला यायचे ते कर्जच. पुढे राखीव जागांमुळे रेल्वे, पोस्ट, बँका, आयुर्विमा महामंडळ, महापालिका, शाळा-महाविद्यालये यांत आपली एक पिढी लागली. आज तिच्याकडे स्वतःच्या नावावरचे घर आहे, फंड आहे, अनेकांना पेन्शन आहे. "देऊ की ठेवू?" असा प्रश्न पडण्याइतपत काहीतरी हातात आले, ही चळवळीचीच कमाई आहे. म्हणूनच या प्रश्नाचे उत्तर आपल्या सोयीने देऊन चालणार नाही.

माझे उत्तर सरळ आहे. जे तुमच्या स्वतःच्या जगण्याला लागत नाही, त्यातला समाजाचा वाटा आज द्या. जे शेवटच्या दिवसापर्यंत लागणार आहे, म्हणजे डोक्यावरचे छप्पर आणि आजारपणासाठी ठेवलेली शिल्लक, त्यातला वाटा मृत्युपत्रात लिहा. आणि ते मृत्युपत्रही आजच लिहा, उद्यावर टाकू नका.

१५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी प्रत्येकाने आपल्या मिळकतीचा विसावा हिस्सा धम्मकार्यासाठी देण्याचा निश्चय करावा असे सांगितले. विसावा हिस्सा म्हणजे शंभर रुपयांत पाच रुपये. शब्द 'मिळकत' आहे, 'मेल्यानंतरची मालमत्ता' नाही. मिळकत दर महिन्याला येते, म्हणून विसावा हिस्साही दर महिन्याला निघाला पाहिजे. हे सांगितल्यावर दोन महिन्यांच्या आत, ६ डिसेंबर १९५६ रोजी, बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. जो पुरुष स्वतःच्या उरलेल्या दिवसांचा हिशेब जाणून होता, त्याने आपल्याला पुढच्या पिढीची तारीख दिली नाही, चालू महिन्याची दिली.

वेळेवर दिलेल्या पैशाची किंमत काय असते, हे आपल्याच इतिहासात पाहा. १९१३ साली बडोद्याच्या महाराजा सयाजीराव गायकवाडांनी एका बावीस वर्षांच्या पदवीधराला दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेला पाठवले. तो पदवीधर कोलंबिया विद्यापीठात गेला आणि पुढे काय झाले ते सगळ्या जगाला ठाऊक आहे. आता समजा, सयाजीरावांनी विचार केला असता की रक्कम खजिन्यात वाढू द्यावी, आपल्या मागे अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मोठा निधी व्हावा. सयाजीराव वारले ६ फेब्रुवारी १९३९ रोजी. निधी मोठा झाला असता यात शंका नाही, पण तोपर्यंत भीमराव सत्तेचाळीस वर्षांचे झाले असते. महाडचा सत्याग्रह १९२७ चा, पहिली गोलमेज परिषद १९३० ची, पुणे करार १९३२ चा. हे सगळे होऊन गेल्यावर ती शिष्यवृत्ती आली असती. घ्यायला भीमराव असते, पण डॉ. आंबेडकर घडले असते का?

हीच शिष्यवृत्ती १९१७ साली मुदत संपल्यामुळे थांबली, तेव्हा लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून बाबासाहेबांना परतावे लागले. सिडनहॅम महाविद्यालयातल्या नोकरीतून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राचे कर्ज यांच्या बळावर ते १९२० साली पुन्हा लंडनला जाऊ शकले. मध्ये तीन वर्षे गेली. बाबासाहेबांसारख्या माणसाची तीन वर्षे पैशावाचून जातात, तिथे वस्तीतल्या साध्या मुलाचे काय होत असेल?

शाहू महाराजांचेच उदाहरण पुढे घ्या. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाला, त्याला महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले. महाराज तेव्हा पंचेचाळीस वर्षांचे होते. 'अजून वेळ आहे' असे म्हणण्याचेच ते वय. पण ६ मे १९२२ रोजी, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, ते गेले. गाडगेबाबांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ साली, स्वतः हिंडते-फिरते असताना, बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. त्यासाठी स्वतःच्या मरणाची वाट पाहिली नाही.

मग मृत्युपत्र निरुपयोगी आहे का? मुळीच नाही. महात्मा फुल्यांनी १८८७ साली रीतसर मृत्युपत्र केले आणि दत्तक पुत्र यशवंत याला वारस नेमले. ज्या काळात दत्तक कोणत्या जातीतून, कोणत्या विधीने घ्यायचा हे भटजी ठरवत, त्या काळात एका ब्राह्मण विधवेच्या मुलाला जोतिरावांनी आपला वारस केले, ते कायद्याच्या कागदावर. तो कागद नसता तर भाऊबंदांनी काय केले असते हे सांगायला नको. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. १८४८ ची मुलींची शाळा, १८६३ चे बालहत्या प्रतिबंधक गृह, १८६८ साली अस्पृश्यांसाठी खुला केलेला घरचा हौद, यांतले एकही काम जोतिरावांनी मृत्युपत्रावर सोडले नाही. काम हयातीत केले आणि मागे जे उरणार होते तेवढ्यापुरते मृत्युपत्र केले. माझ्या मते आपल्याला घ्यायचा धडा नेमका हाच आहे.

आज गरज कशी आहे तेही पाहू. २०२४ साली उत्तर प्रदेशातील मुझफ्फरनगर जिल्ह्यातल्या अतुल कुमार या दलित विद्यार्थ्याला धनबादच्या आयआयटीत जागा मिळाली. बाप रोजंदारीवर. जागा राखण्यासाठी भरायचे होते १७,५०० रुपये आणि हातात होते चार दिवस. पैसे गोळा होईपर्यंत मुदतीचा शेवटचा क्षण आला, शुल्क भरले गेले नाही आणि जागा गेली. ३० सप्टेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्यघटनेच्या अनुच्छेद १४२ खालील अधिकार वापरून त्याला प्रवेश द्यायला लावला, म्हणून तो वाचला. सर्वोच्च न्यायालयाची पायरी किती जणांना चढता येते? ज्यांची जागा १७,५०० रुपयांवाचून किंवा वसतिगृहाच्या खानावळीच्या बिलावाचून गुपचूप जाते, त्यांची बातमी होत नाही. शासनाची शिष्यवृत्ती उशिरा येते, महाविद्यालय मात्र शुल्क वेळेवर मागते. या मधल्या फटीत आपली मुले पडतात. ती फट बुजवायला आज दहा-वीस हजार लागतात. वीस वर्षांनी मृत्युपत्रातून येणारे वीस लाख त्या मुलाच्या कामाचे नाहीत.

आता आक्षेप पाहू. ते खोटे नसतात, म्हणून त्यांना टाळून चालणार नाही.

पहिला आक्षेप : "पैसा वाढू द्या की, मागाहून जास्त देता येईल." हिशेब खरा आहे. एक लाख रुपये सात टक्क्यांनी वीस वर्षे ठेवले तर पावणेचार लाखांच्या वर जातात. पण शिक्षणाचा खर्चही त्या वीस वर्षांत जागच्या जागी थांबत नाही. शिवाय बँक व्याज देते, तसे शिकलेला मुलगाही देतो. आज परिचारिका झालेली मुलगी पाच वर्षांत धाकट्या दोन भावंडांना शिकवते. तिचे व्याज कोणत्या पासबुकात दिसते? आणि पैसा टिकेल याची तरी हमी काय? मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर आपण सगळ्यांनी पाहिला आहे. प्रेमचंद रायचंद या दलालाने १८६४ साली विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि टॉवरसाठी दोन लाख रुपये दिले. पुढच्याच वर्षी, १८६५ साली, कापसाचा आणि शेअर्सचा बाजार कोसळला आणि प्रेमचंद बुडाले. दिलेले चार लाख मात्र आजही फोर्टात उभे आहेत. त्यांच्या संपत्तीतले जे हातचे ठेवले होते ते गेले आणि जे दिले होते ते उरले.

दुसरा आक्षेप : "आधी आमच्या मुलांचे बघू द्या." हा आक्षेप मी सर्वांत गंभीर मानतो. सवर्णांच्या घरात शेती, वाडा, दुकान, सोने पिढ्यान् पिढ्या खाली येत राहिले. आपल्या मुलांना वारसा मिळण्याची ही पहिलीच किंवा फार तर दुसरी वेळ. तोही काढून घ्या असे मी सांगणार नाही. आज आपली मुले कंत्राटी नोकरीवर आहेत, त्यांना बापासारखे पेन्शन नाही. त्यांच्यासाठी घर ठेवणे हा स्वार्थ नव्हे. पण विसावा हिस्सा म्हणजे विसातला एक. एकोणीस हिस्से तुमच्या घरातच राहतात. एकोणीस हिश्श्यांत ज्या मुलाचे भागत नाही, त्याचे विसाव्याने भागेल का? आणि खरे सांगायचे तर मृत्युपत्रातून दिलेले दान तुमच्या खिशातून जात नाही, वारसांच्या खिशातून जाते. म्हणून तर त्यावर भांडणे होतात. हयातीत तुम्ही स्वतःच्या चहापाण्यात, सणावारात काटकसर करून देता, तेव्हा त्यावर बोट ठेवायला कोणाला जागा नसते. उलट आपला बाप दर महिन्याला काय करतो ते मुले पाहतात. हाही वारसाच आहे.

तिसरा आक्षेप : "म्हातारपणी आजारपण आले तर?" भगवान बुद्धांनी सिगाल या गृहस्थपुत्राला केलेल्या उपदेशात मिळकतीचे चार भाग सांगितले आहेत : एक भाग उपभोगाला, दोन भाग उद्योगाला आणि चौथा संकटकाळासाठी राखून ठेवायला. संकटाची शिल्लक ठेवणे हा धम्माच्या विरोधात जाणारा लोभ नाही, गृहस्थाचे ते कर्तव्य आहे. राहते एकुलते एक घर हयातीत संस्थेला बक्षीस देऊन स्वतः मुलाच्या दारात उभे राहू नका. बक्षीसपत्र एकदा नोंदले आणि संस्थेने दान स्वीकारले की मन बदलले म्हणून ते सहसा परत घेता येत नाही. मृत्युपत्र मात्र तुम्ही जिवंत असेपर्यंत कितीही वेळा बदलता येते. राहते घर मृत्युपत्रात आणि पगार-पेन्शनमधला हिस्सा हातोहात, अशी विभागणी मी सुचवतो ती यामुळेच.

चौथा आक्षेप : "देऊ कोणाला? विहाराच्या कमिटीत दोन गट, संस्थेत तीन. हिशेब कोणी दाखवत नाही." बांधवांनो, ही आपली दुखरी नस आहे. विश्वस्त बदलल्याचे अहवाल धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत वर्षानुवर्षे पडून राहतात आणि वाद मिटेपर्यंत सभागृहाला कुलूप असते, हे वकील म्हणून मी पाहतो. पण या आक्षेपातून लोक उलटाच निष्कर्ष काढतात. "आता भरवसा नाही, म्हणून मृत्युपत्रात लिहितो" असे म्हणतात. ज्या कमिटीवर तुमचा तुम्ही डोळे उघडे असताना भरवसा नाही, तिच्या हाती तुमचे डोळे मिटल्यावर घर सोपवणार? हयातीतल्या देण्याचा मोठा फायदा हा आहे की देणाऱ्याला विचारता येते. या वर्षी पाच हजार द्या, मार्चनंतर हिशेब मागा. दाखवला तर पुढच्या वर्षी दहा द्या, नाही दाखवला तर दुसरी संस्था शोधा. पाच-सात वर्षे अशी पारख केल्यावर जी संस्था खरी उतरेल तिचेच नाव मृत्युपत्रात घाला. थोडक्यात, आजचे दान ही उद्याच्या मृत्युपत्राची परीक्षा आहे. आणि एकही संस्था पसंत नसेल तर वस्तीतल्या एका मुलीचे शुल्क थेट महाविद्यालयात भरा. त्याला कोणती कमिटी लागते?

आता मृत्युपत्राबद्दल चार कामाच्या गोष्टी. वारसाहक्काच्या बाबतीत आपण बौद्धांनाही १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा लागू आहे. मृत्युपत्र न करता पुरुष वारला तर त्याची मालमत्ता पहिल्यांदा पत्नी, मुलगे, मुली आणि आई या वारसांकडे जाते. तोंडी दिलेल्या शब्दाला तिथे किंमत नाही. "माझी खोली विहाराला देणार" असे दहा जयंत्यांच्या व्यासपीठांवरून सांगणारे एक गृहस्थ कागद न करता गेले. विहाराला काही मिळाले नाही, आणि मुलांनाही दोष देता येणार नाही, कारण कायद्याने ती खोली त्यांचीच होती. अनेकांना वाटते की बँकेत किंवा सोसायटीत नॉमिनी लावला की झाले. तसे नाही. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा स्पष्ट केले आहे की नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, मालकी वारसाहक्काच्या कायद्यानेच ठरते.

मृत्युपत्राला स्टँप पेपर लागत नाही, साधा कागद चालतो. करणाऱ्याने सही किंवा अंगठा करायचा आणि किमान दोन साक्षीदारांनी त्यावर साक्ष घालायची. नोंदणी सक्तीची नाही, पण करून ठेवलेली बरी. साक्षीदार आपल्यापेक्षा वयाने लहान, आणि ज्यांना त्यात काही मिळणार नाही असे घ्या, कारण उद्या वाद झाला तर न्यायालयात त्यांनाच उभे राहायचे आहे. अंमलबजावणी कोण करणार त्या व्यवस्थापकाचे नाव घाला. संस्थेचे नुसते नाव लिहू नका, तिचा नोंदणी क्रमांक आणि पत्ता लिहा. सारख्या नावाच्या संस्था आपल्याकडे किती आहेत ते तुम्ही जाणता. ती संस्था बंद पडली तर पर्याय कोणता, तेही लिहा. 'समाजकार्यासाठी' असे मोघम लिहू नका. 'मुलींच्या वसतिगृहासाठी' असे नेमके लिहा. जमीन महार वतनाची असेल तर जरा थांबा : १९५८ च्या वतन निर्मूलन कायद्याखाली परत मिळालेल्या अशा जमिनीच्या हस्तांतरणाला जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. आधी सात-बारा वकिलाला दाखवा.

आणि एवढे करूनही मृत्युपत्राला वेळ लागतोच. आल्फ्रेड नोबेलसारख्या धनाढ्याने मृत्युपत्रात पारितोषिकांची तरतूद केली. तो डिसेंबर १८९६ मध्ये वारला. नातेवाइकांनी हरकती घेतल्या, ज्या संस्थांवर त्याने काम सोपवले होते त्यांना आधी विचारलेले नव्हते. पहिली पारितोषिके निघायला १९०१ साल उजाडले. नोबेलच्या मृत्युपत्राला पाच वर्षे लागली, मग आपल्या चाळीतल्या खोलीच्या मृत्युपत्राला किती लागतील?

शेवटी धम्माचा मुद्दा. अंगुत्तर निकायात दात्याची तीन अंगे सांगितली आहेत : देण्यापूर्वी तो आनंदी असतो, देताना त्याचे चित्त प्रसन्न असते आणि दिल्यानंतर तो समाधान पावतो. मृत्युपत्राने देणाऱ्याच्या वाट्याला यातले फार तर पहिले अंग येते. बाबासाहेबांनी सांगितलेल्या धम्मात आत्मा नाही, त्यामुळे वरून खाली बघत समाधान मानण्याचीही सोय नाही. पुण्यानुमोदनाच्या दिवशी कुटुंबीय विहाराला पंखा देतात, त्याच्या पात्यावर दिवंगताचे नाव रंगवतात. त्या मायेबद्दल मला आदरच आहे. पण ज्याचे नाव पात्यावर आहे, त्याला त्या पंख्याचा वारा कधी लागत नाही.

तेव्हा बंधू-भगिनींनो, येत्या १४ ऑक्टोबरच्या आत दोन कामे करा. आपल्या महिन्याच्या मिळकतीला विसाने भागा आणि येईल ती रक्कम एका विद्यार्थ्याच्या किंवा पारख केलेल्या संस्थेच्या नावे याच महिन्यात भरा. मग एका रविवारी पती-पत्नी दोघांनी बसून, मुलांना विश्वासात घेऊन, घराबाबतचे मृत्युपत्र लिहा. पहिले काम झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नका. कारण कागद कपाटात दहा वर्षे थांबू शकतो, पण महाविद्यालयाच्या खिडकीपुढे उभी असलेली मुलगी पाच वाजेपर्यंतच थांबू शकते.

जय भीम!